वीसपैकी नऊ

(या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)

 

आजचा भाग जरा वेगळा आहे. आज राग नाही, बंदिश नाही. आज आपण परीक्षकाबद्दल बोलणार आहोत. म्हणजे स्पर्धेत समोर टेबल-खुर्ची टाकून, हातात पेन घेऊन जो बसलेला असतो ना, त्याच्याबद्दल. आणि तो परीक्षक स्वतः मोठा वाजवणारा असला की काय होतं, त्याबद्दल.

विषय सुचायला कारण घडलं. मागच्या महिन्यात एका गावातून फोन आला. आपल्याच हिंगोली जिल्ह्यातलं गाव आहे, नाव सांगत नाही. दरवर्षी तिथं सप्ताहाच्या शेवटी भजन स्पर्धा असते. "सर, या वर्षी परीक्षक म्हणून या. तीन वर्षांपूर्वी आला होता, लोकांना आवडलं होतं." मी म्हणालो, उद्या कळवतो. खरं तर एरवी मी लगेच हो म्हणतो. पण त्या गावाचं नाव ऐकलं आणि मला एक आकडा आठवला. वीसपैकी नऊ. तो आकडा माझ्याच हातचा होता. त्याची गोष्ट शेवटी सांगतो. आधी जरा लांब जाऊन येऊ, पार पोलंडपर्यंत.

पोलंडची राजधानी वॉर्सा. तिथं १९२७ पासून शोपँच्या नावानं पियानोची स्पर्धा होते, साधारण दर पाच वर्षांनी. जगभरातली तरुण पोरं-पोरी येतात आणि फक्त शोपँचं संगीत वाजवतात. एकच संगीतकार, तेच तेच तुकडे, वाजवणारे वेगवेगळे. आपल्याकडे एकच अभंग दहा भजनी मंडळांनी गावा, तसं समजा.

२०१५ साली तिथं १७ परीक्षक होते. कोण होते बघा. आदाम हारासेविच, म्हणजे १९५५ चे विजेते. मार्ता आर्गेरिच, १९६५ च्या विजेत्या. गॅरिक ओल्सन, १९७० चे. दांग थाई सॉन, १९८० चे. युंदी, २००० चा. एकाच टेबलाला पाच माजी विजेते! यांच्याइतकं शोपँ कळणारी माणसं कुठून आणणार? त्या वर्षी कोरियाचा सॉंग-जिन चो पहिला आला. अंतिम फेरीत दहापैकी गुण द्यायचे होते. बहुतेकांनी त्याला नऊ दिले, दोघांनी दहा दिले. आणि एका परीक्षकानं दिला एक. दहापैकी एक!

तो परीक्षक म्हणजे फिलिप आंत्रेमाँ. फ्रान्सचे नामवंत पियानोवादक, तेव्हा ऐंशी ओलांडलेले. आधीच्या फेऱ्यांमध्येसुद्धा हा मुलगा पुढे जावा का, या प्रश्नावर त्यांचं उत्तर 'नाही' असंच होतं. हे आपल्याला कळलं कसं? तर ती संस्था स्पर्धा संपल्यावर प्रत्येक परीक्षकाचे गुण जाहीर करते. नावानिशी. आपल्याकडे असं झालं तर अर्धे परीक्षक दुसऱ्या वर्षी येणार नाहीत.

आता यावर दोन प्रकारची माणसं दोन गोष्टी म्हणतील. एक म्हणेल, म्हातारबुवांचं बिनसलं असेल. दुसरा म्हणेल, काहीतरी राजकारण असेल. मी तिसरी गोष्ट म्हणतो. पन्नास-साठ वर्षं एखादा माणूस एक संगीत स्वतःच्या बोटांनी वाजवतो, तेव्हा ते कसं वाजायला पाहिजे हे त्याच्या कानात पक्कं बसलेलं असतं. त्या कानामुळेच तो मोठा झालेला असतो. आणि समोरचं पोरगं वेगळ्या वाटेनं गेलं, की तोच कान म्हणतो, हे चूक. वेगळं आणि चूक यातला फरक कळायला त्या माणसाला स्वतःच्या हातावरून उठून दुसरीकडे बसावं लागतं. ते फार अवघड असतं, मंडळी.

बरं, याच्या उलटही होतं. १९८० सालची गोष्ट. युगोस्लाव्हियाचा एक तरुण आला होता, इव्हो पोगोरेलिच. वाजवणं एकदम स्वतःच्या मनाचं, वागणं-पोशाखही तसाच. तिसऱ्या फेरीत तो बाद झाला, अंतिम फेरीत गेलाच नाही. मार्ता आर्गेरिच तेव्हा परीक्षक होत्या. हा मुलगा विलक्षण प्रतिभेचा आहे असं म्हणून त्यांनी परीक्षक मंडळाचा राजीनामा दिला आणि निघून गेल्या. जगभर बातमी झाली. पोगोरेलिच एका रात्रीत प्रसिद्ध झाला.

पण एक बाजू लोक विसरतात. त्या वर्षी पहिला कोण आला? व्हिएतनामचा दांग थाई सॉन. ही स्पर्धा जिंकणारा पहिला आशियाई. लढाईच्या काळात वाढलेला मुलगा. त्याच्या विजयापेक्षा हरलेल्याची बातमी मोठी झाली. आणि मगाशी सांगितलं ना, २०१५ ला एका टेबलाला कोण कोण होतं? आर्गेरिच आणि दांग थाई सॉन दोघंही होते. पस्तीस वर्षांनी शेजारी-शेजारी बसून दुसऱ्याच कुणाला गुण देत होते.

अजून मागे जाऊ. १९५५. इटलीचे थोर पियानोवादक मिकेलांजेली परीक्षक होते. हारासेविच पहिला आणि रशियाचा आश्केनाझी दुसरा, असा निकाल लागला. आश्केनाझीच पहिला पाहिजे होता म्हणून मिकेलांजेलींनी निकालपत्रावर सही करायला नकार दिला. आणि १९५८ ला मॉस्कोत चायकोव्हस्की स्पर्धा सुरू झाली, तेव्हा एमिल गिलेल्स अध्यक्ष आणि रिख्टर परीक्षक. तिथं अमेरिकेचा व्हॅन क्लायबर्न जिंकला. शीतयुद्ध ऐन भरात, आणि मॉस्कोत अमेरिकन मुलगा पहिला! ख्रुश्चेव्हची परवानगी काढावी लागली. रिख्टरनं क्लायबर्नला पूर्ण गुण दिले आणि बाकी बऱ्याच जणांना सरळ शून्य, असं सांगतात.

म्हणजे बघा, मोठा कलाकार खुर्चीत बसला की गुणपत्रिकेत एकतर पूर्ण नाहीतर शून्य. मधलं त्याला जमत नाही. याला आवरायचं कसं? तर स्पर्धावाल्यांनी हिशोबाचे उपाय काढले. वॉर्सात २०२१ ला नियम असा होता, की एखाद्याचे गुण सरासरीपासून फार लांब गेले तर ते ओढून सरासरीच्या जवळ आणायचे. स्वतःच्या विद्यार्थ्याला गुण द्यायचे नाहीत, हाही नियम आहे. हा दुसरा नियम तर मला फार आवडतो. आपल्या जिल्ह्यात लावला तर परीक्षक कुठून आणायचे हा प्रश्न पडेल, कारण पाच तालुक्यांत पेटी शिकवणारे मोजके आणि सगळी मंडळं कुणाच्या ना कुणाच्या शिष्यांची.

पण सरासरीचा एक तोटा सांगतो. समजा नऊ परीक्षक आहेत. एका मुलाला सगळ्यांनी दहापैकी आठ दिले. सरासरी आठ. दुसऱ्याला पाच जणांनी दहा दिले, चौघांनी चार दिले. बेरीज सहासष्ट, सरासरी सव्वासातच्या थोडी वर. हरला! नऊपैकी पाच जणांना, म्हणजे बहुमताला, जो सगळ्यात जास्त आवडला तो हरला. आणि जो कुणालाच खटकला नाही तो जिंकला. असं दरवेळी होतं असं नाही. पण स्पर्धेला बसणारी पोरं हुशार असतात. त्यांना हा हिशोब कळतो, आणि मग ती कुणाला खटकणार नाही असं वाजवायला शिकतात. याची भीती वाटते मला.

आता दुसरा मुद्दा, आधी कोण आणि नंतर कोण. बेल्जियमच्या ब्रुसेल्स शहरात राणी एलिझाबेथच्या नावानं स्पर्धा होते. अंतिम फेरीत बारा जण, रोज संध्याकाळी दोन, असे सहा दिवस. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. दोन अर्थशास्त्रज्ञांनी, फ्लोरेस आणि गिन्सबर्ग यांनी, बऱ्याच वर्षांचे निकाल घेऊन बसून हिशोब केला आणि १९९६ ला छापला. काय निघालं? पहिल्या दिवशी वाजवणाऱ्याची वर येण्याची शक्यता कमी, पाचव्या दिवशीच्याची जास्त. चिठ्ठी तर नशिबाची! मग कारण काय? एक कारण असं असू शकतं, की तिथं अंतिम फेरीत सगळ्यांना एक कोरी करकरीत रचना वाजवावी लागते. पहिल्या दिवशी ती परीक्षकांच्या कानालाही नवी असते. चार-पाच वेळा ऐकल्यावर त्यांच्या कानात ती बसते, आणि मग वाजवणारा चांगला वाटायला लागतो. शिवाय पहिल्याला गुण देताना परीक्षक हात राखून ठेवतो. पुढे अजून चांगला आला तर? हे तर मी स्वतः शंभर वेळा केलं आहे.

गंमत म्हणजे नंतरच्या एका अभ्यासात असंही दिसलं, की या चिठ्ठीच्या नशिबानं जे वर आले, त्यांचं पुढचं करिअरही जास्त चांगलं झालं. म्हणजे आपण वहीत टाकलेला आकडा तिथंच राहत नाही. तो त्या लेकराबरोबर चालत जातो.

तिसरा मुद्दा, डोळे. २०१३ ला चिया-युंग त्साय या संशोधक बाईंनी एक प्रयोग छापला. त्या स्वतः पियानो वाजवणाऱ्या. मोठ्या पियानो स्पर्धांच्या पहिल्या तिघांचे अगदी छोटे तुकडे लोकांना दिले. काहींना नुसता आवाज, काहींना आवाज बंद करून नुसतं चित्र. यातला विजेता कोण, ओळखा. तिघांतून एक, म्हणजे डोळे मिटून बोट ठेवलं तरी तीनदा एकदा बरोबर येणार. तर नुसता आवाज ऐकणाऱ्यांना त्याहून फार काही जमलं नाही. नुसतं चित्र बघणाऱ्यांनी निम्म्याच्या आसपास वेळा बरोबर सांगितलं! आणि त्यात कसलेले संगीतकारही होते. आपण म्हणतो आम्ही कानानं ऐकतो. प्रत्यक्षात आपण मान कशी हलते, चेहरा कसा आहे, बसण्यात रुबाब आहे का, हे ऐकत असतो.

यावर उपाय आपल्या देशात फार पूर्वी करून झाला आहे. बाळकृष्ण केसकर, आपले मराठी माणूस, १९५२ ते ६२ माहिती-प्रसारण मंत्री होते. आकाशवाणीवर कुणी गावं-वाजवावं हे ठरवायला त्यांनी ऑडिशनची पद्धत कडक केली. उमेदवार दिसणार नाही अशा बेतानं तो गाणार, परीक्षक नुसतं ऐकणार आणि श्रेणी देणार. ऑडिशन मंडळावर प्रमुख होते पंडित श्रीकृष्ण रातंजनकर, भातखंड्यांचे शिष्य, लखनौच्या संगीत महाविद्यालयाचे प्राचार्य. विद्वत्तेबद्दल शंकाच नाही. तरी केवढं वादळ झालं! कित्येक कलाकारांनी विरोध केला. पडदा लावला तरी पडद्यामागे बसलेल्या कानाला त्याचं घराणं असतंच ना? आमची परीक्षा यांनी का घ्यावी, असं त्यांचं म्हणणं. पडद्यानं चेहरा झाकतो. परीक्षकाची आवड झाकत नाही.

आणि आम्हा पेटीवाल्यांना तर काय सांगावं! १९४० पासून आकाशवाणीवर पेटीलाच बंदी होती. वाजवणारा कसा आहे हा प्रश्नच नाही, वाद्यच नापास! या वाद्यात मींड नाही, श्रुती नाहीत, हे आपल्या संगीताचं वाद्यच नाही, असं जाणकारांचं मत. बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. आज परभणी केंद्रावर भजन लागतं, त्यात पेटी असते, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. त्या जाणकारांचं कानाचं ज्ञान खोटं होतं का? अजिबात नाही. पेटीत मींड नाही हे खरंच आहे. पण पेटीनं काय दिलं, गावोगावच्या भजनाला कसा आधार दिला, ते त्यांच्या गुणपत्रिकेत विचारलेलंच नव्हतं.

आता घरी येऊ. परीक्षकाची एक जुनी गोष्ट आपल्याच मातीतली आहे, बरं का. नरसी गावचे संत नामदेव. संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईनं गोरोबाकाकांना सांगितलं, काका, तुम्ही कुंभार, यातली मडकी कच्ची कोणती, पक्की कोणती, ते बघा. काकांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत निघाले. सगळे गप्प. नामदेव मात्र रागावले. काका म्हणाले, हे एक कच्चं.

ही कथा आपण शंभर कीर्तनांत ऐकली. पण परीक्षक म्हणून ऐकून बघा. गोरोबा कुंभार, हाताला मडक्याची पारख, म्हणजे पक्के जाणकार. निकाल बरोबर दिला. पण नुसत्या निकालानं नामदेवांचं काय झालं? ते रडत-रागावत पंढरपूरला गेले. कथेत खरं वळण पुढे आहे. विठ्ठलानं त्यांना सांगितलं, गुरू कर, औंढ्याला विसोबा खेचरांकडे जा. आणि औंढा नागनाथाच्या देवळात विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडलेले. नामदेव म्हणाले, पाय काढा. विसोबा म्हणाले, मी म्हातारा, जिथं पिंड नाही तिथं तूच उचलून ठेव. जिथं पाय ठेवावा तिथं पिंड! कच्चेपण नेमकं कुठं होतं, ते तिथं कळलं. 'कच्चं' हा झाला आकडा. औंढ्यात मिळाला तो शेरा. नुसत्या आकड्यावर माणूस सोडून दिला असता, तर नामदेवांची पुढची गोष्ट आपल्याला मिळाली असती का?

आता माझी गोष्ट. तीन वर्षांपूर्वीची. देवळापुढं मांडव, अकरा मंडळं. चिठ्ठीत पहिलं नाव आलं ते एका आजोबांच्या मंडळाचं. पेटीवर त्यांची नात, सातवीतली. आजोबांनी रूपाचा अभंग लावला. मुलगी पेटी अगदी हलकी वाजवत होती. आम्हाला शिकवलं आहे, गायकानं ओळ सोडली की पेटीनं ती लगेच भरायची, जागा रिकामी राहू द्यायची नाही. ही थांबायची. लोकांकडे बघायची नाही, आमच्याकडे बघायची नाही, तिरकी बसून सारखी आजोबांच्या तोंडाकडे बघायची. मी मनात म्हणालो, पाठ झालेलं नाही, घाबरली आहे. साथसंगत, वीसपैकी नऊ. चार गुणांनी त्यांचा तिसरा नंबर गेला.

दोन-तीन महिन्यांनी आजोबा आठवडी बाजारात भेटले. रामराम झाला. म्हणाले, "सर, लेकराचं काय चुकलं तेवढं सांगा. मला दम्यानं श्वास पुरत नाही. ती बघते माझा श्वास कुठं तुटतो, तिथं पेटी धरते, नाहीतर सोडून देते. मोठ्यानं वाजवली की माझा आवाज बुडतो म्हणती. तुमचं बरोबरच असंल, तुम्ही मोठे. पण ती विचारती, नऊ का, अन् मला सांगता येत नाही. आता पेटीवर कापड टाकून ठेवलंय."

मंडळी, मी बाजारात उभा होतो, हातात मेथीची जुडी. साथसंगत म्हणजे काय, हे मी पंचवीस वर्षं शिकवतो. त्या मुलीनं ते करून दाखवलं, आणि मला ऐकू आलं नाही. पहिला नंबर म्हणून हात राखला. तिरकी बसली म्हणून घाबरलेली ठरवली. आणि माझ्या हातासारखं वाजलं नाही म्हणून चूक ठरवलं. वॉर्सा, ब्रुसेल्स, सगळं त्या एका नऊमध्ये आलं की नाही?

तेव्हा मी काहीतरी बोलून सुटलो. "चालायचंच, पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी गेलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

या वेळी फोन आल्यावर दुसऱ्या दिवशी गाडी काढली आणि त्यांच्या घरी गेलो. मुलगी आता दहावीत आहे. मी सांगितलं, ते नऊ माझे चुकले होते. ती म्हणाली, "मग किती पाहिजे होते?" मला सांगता येईना. म्हणालो, तुम्ही दोघं एकदा परत वाजवा, ऐकून सांगतो. ती म्हणाली, "आजोबा आता गात नाहीत. बोलतानाच दम लागतो."

काही गोष्टी परत तपासायला मिळत नाहीत.

मग मी तिच्याच वहीचा एक कागद मागितला आणि आठवेल तसा शेरा लिहिला. गायकाचा श्वास ऐकून वाजवते. जागा मोकळी सोडायचं धाडस आहे. सुरुवातीच्या गजरात भाता जोरात पडतो, सूर फुगतो, तेवढं बघावं. तिनं तो दोनदा वाचला. मग म्हणाली, "गजरात भाता जोरात पडतो हे खरंय." आतून आजोबा हसले. पेटीवरचं कापड तिनं काढलं की नाही, हे मी विचारलं नाही. मी चहा घेऊन निघालो.

गावाला कळवलं, येतो. अटी तीन. माझ्या शिष्यांचं मंडळ असेल तर त्याला मी गुण देणार नाही. पहिल्या दोन मंडळांचे गुण सगळं ऐकून झाल्यावर मला पुन्हा बघू द्यायचे. आणि गुणपत्रिकेत प्रत्येक आकड्यापुढं शेऱ्याची ओळ छापायची, ती मंडळाला द्यायची. आयोजक म्हणाले, "सर, यानं कार्यक्रम लांबतो." म्हटलं, लांबू द्या. सप्ताहात रात्री दोनपर्यंत जागतोच की आपण.

तुमच्यापैकी कुणी परीक्षक म्हणून बसत असाल, तुमच्या हातून असा एखादा नऊ गेला असेल, तर मला जरूर लिहा. आणि तुम्हाला कुणी शेरा न देता नुसता आकडा दिला असेल, तर जाऊन विचारा. नम्रपणे, पण विचारा. विचारायचा हक्क आहे तुमचा.

आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या भागात पुन्हा पेटीकडे, भात्याची निगा पावसाळ्यात कशी राखायची ते बघू. रामकृष्णहरी.